‘फुल सर्व्हिस हिस्टरी’च्या फाईलला किती पैसे मोजावेत?

वापरलेल्या गाडीच्या जाहिरातीत ‘फुल सर्व्हिस हिस्टरी’ असं लिहिलं की विक्रेता त्याचे वेगळे पैसे लावतो. म्हणजे फाईल हीसुद्धा विकाऊ वस्तूच झाली, तेव्हा तिची पारखही वस्तूसारखीच करायला हवी. पूर्ण बनावट फाईल पटकन पकडता येते. अर्धवट खरी फाईल जास्त महागात पडते, कारण तिच्यातली खरी बिलं बघून माणूस उरलेल्या भागावरही विश्वास ठेवतो.

फाईलमधला सर्वांत कच्चा कागद म्हणजे शिक्क्यांचं सर्व्हिस बुक. कोरी पुस्तकं मिळतात आणि रबरी शिक्का कुणीही बनवून देतो. चार वर्षांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं लिहिलेल्या आणि किलोमीटर १०,०००, २०,०००, ३०,००० असे गोल असतील, तर ते पुस्तक बहुधा एकाच बैठकीत भरलंय. खरी गाडी ९,६४० ला जाते, पुढच्या वेळी २१,२१५ ला. आणि शिक्का खरा असला तरी गाडी वर्कशॉपला आली होती एवढंच तो सांगतो. काय बदललं ते नाही. या पुस्तकासाठी एक पैसाही जास्त देऊ नये.

किंमत आहे ती तपशीलवार बिलांना. त्यात आधी चासी नंबर बघायचा, नंबर प्लेटचा नव्हे. आजच्या गाड्यांचा चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही रोमन अक्षरं नसतात. प्रत्येक बिलावरचा नंबर बॉडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवावा. दुसऱ्याच गाडीची बिलं फाईलला लावणं हा जुना उद्योग आहे. मग बिलांचे अनुक्रमांक. एकाच वर्कशॉपच्या दोन बिलांमध्ये चौदा महिन्यांचं अंतर असेल आणि क्रमांक मात्र लागोपाठचे असतील, तर दोन्ही एकाच दिवशी छापलेली आहेत.

त्यानंतर बिलातल्या ओळी वाचायच्या. फिल्टरसह किती लिटर ऑइल लागतं हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. इंजिनाला ४.३ लिटर लागत असताना बिलात ३ लिटरच असेल, तर ऑइल बदललेलंच नाही, नुसतं टॉप-अप केलंय, किंवा बिल भलत्याच इंजिनाचं आहे. डिझेल गाडीच्या बिलात स्पार्क प्लग दिसला तर पुढचं वाचायची गरज नाही. कधी बिल अस्सल असतं, पण काम चुकीचं झालेलं असतं. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेल इंजिनाला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. तिथे वर्षानुवर्षं साधं १५डब्ल्यू-४० ओतलं गेलं असेल, तर त्याची राख डीपीएफमध्ये साठत जाते. काजळी रीजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ होतो तेव्हा, जळते. राख जळत नाही. अशी फाईल जितकी पूर्ण, तितकी वाईट.

फाईलच्या जाडीवर जाऊ नये. धुलाई, पॉलिश आणि व्हील अलाइनमेंटची बिलं वेगळी काढली की आठातली तीन उरतात. उरलेल्यांच्या तारखा आणि किलोमीटर एका कागदावर क्रमानं मांडावेत. बहुतेक गाड्यांना १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा सर्व्हिस लागते. ३८,००० नंतर एकदम ७१,००० ची नोंद आली तर मधल्या दोन-तीन सर्व्हिस झाल्याच नाहीत असं धरावं. ‘बाहेर केली, बिलं हरवली’ हे उत्तर ठरलेलं असतं. आकडा मागे गेलेला दिसला, म्हणजे आधी ८४,००० आणि नंतर ७९,०००, तर लगेच मीटर मागे केलाय असा निष्कर्ष काढू नये. एखादी नोंद टाइप करताना चुकू शकते. त्यापुढच्या सगळ्या नोंदीही खालच्याच आकड्यावरून चालू राहिल्या, तर मात्र मीटर फिरवलाय.

कंपनीच्या वर्कशॉपमधली डिजिटल नोंद सर्वांत भरवशाची, पण विक्रेत्याच्या मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटला तो भरवसा लागू होत नाही. मालकाच्या लॉगिनमधून ती समोर उघडून घ्यावी किंवा वर्कशॉपमधून प्रिंट काढून मागावी. चासी नंबरावर रिकॉलचं, म्हणजे दोष निघाल्यामुळे कंपनीनं गाड्या परत बोलावून करायचं, एखादं काम बाकी आहे का, तेही तिथेच विचारून घ्यावं.

यानंतर फाईल आणि गाडी समोरासमोर ठेवायची. गाडी थंड असतानाच बघावी. बोनेट कोमट लागलं तर इंजिन मुद्दाम आधी चालवून ठेवलंय. डिपस्टिकवरचं स्वच्छ ऑइल बघून खूश होण्यात अर्थ नाही, विकण्याआधी ऑइल बदलणं सोपं असतं. त्याऐवजी ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्चनं आत बघावं. धातूवर सोनेरी-तपकिरी झाक असेल तर चालेल. काळा, चिकट थर असेल तर ऑइल वर्षानुवर्षं उशिरा बदललं गेलंय. तो गाळ खाली चेंबरमधल्या जाळीत अडकतो, ऑइलचा दाब पडतो, आणि आधी भोगतात टर्बोचे बेअरिंग आणि टायमिंग चेनचा (व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या साखळीचा) टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, कारण बहुतेक टेन्शनर त्याच दाबावर चालतात. थंड इंजिन चालू करताना चेनची खडखड काही सेकंद टिकली, किंवा स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या यंत्रावर, पी००१६ हा क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा कोड आला, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, त्यावर विसंबू नये. झाकणाखालचा पांढुरका फेस मात्र नुसत्या छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली ओलही असू शकते. कूलंट कमी होत नसेल तर घाबरू नये.

ब्रेक ऑइल ही सर्वांत स्वस्त उलटतपासणी. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर तो किमान १५५ पर्यंत चालतो. पेनासारख्या टेस्टरनं तीन टक्क्यांच्या वर पाणी दाखवलं, तर ‘फुल’ हिस्टरीत हे काम वेळेवर झालेलं नाही. तसंच टायरच्या बाजूवरच्या शेवटच्या चार अंकांचं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर २२,००० किलोमीटर आणि चारही टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवे असतील, तर का बदलावे लागले ते विचारावं.

चांगला स्कॅनर सगळ्या मॉड्यूलना, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांना, जोडून बघावा. मीटरचा आकडा काही मिनिटांत बदलता येतो, पण अनेक गाड्यांत किलोमीटर इंजिन, गिअरबॉक्स किंवा एबीएसच्या मॉड्यूलमध्येही साठवलेले असतात. जुना फॉल्ट ९६,००० ला नोंदलेला आणि मीटरवर ६१,०००, असं सापडतं. इंजिनाचे तास मिळत असतील तर भागाकार करावा: ६०,००० किलोमीटरला ३,५०० तास म्हणजे सरासरी ताशी १७ किलोमीटर. इतका कमी वेग सततच्या कोंडीत शक्य आहे, पण ‘बहुतेक हायवेवर चाललेली’ गाडी असेल तर हिशोब लागत नाही. फॉल्ट कोड पुसल्यापासूनचं अंतर ३० किलोमीटर दिसलं तर गाडी दाखवण्याआधीच कुणीतरी इशाऱ्याचे दिवे विझवलेत.

टायमिंग बेल्टवर (काही इंजिनांत चेनऐवजी असणाऱ्या रबरी पट्ट्यावर) जास्तीत जास्त खोटं बोललं जातं. बदलायचा टप्पा इंजिनानुसार ६०,००० पासून १,६०,००० किलोमीटरपर्यंत असू शकतो, शिवाय वर्षांची वेगळी मर्यादा असते. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बिलात बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) पार्ट नंबरांसह हवेत. बेल्टवर चालणारा वॉटर पंप असेल तर तोही हवा, आणि मग कूलंटचे लिटरही आले पाहिजेत, कारण पंप काढताना कूलंट सांडतंच. ‘बदललाय’ असं नुसतं तोंडी असेल, तर पूर्ण किट आणि मजुरी किमतीतून वजा करावी.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबाबत फाईल बहुधा खोटी नसते, गप्प असते. अनेक कार कंपन्या त्यातलं ऑइल ‘लाइफटाइम’ म्हणतात, त्यामुळे सगळ्या सर्व्हिस वेळेवर होऊनही ते मूळचंच राहतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र आपल्या ऑटोमॅटिकसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, यात ऑइल बदलायला सांगते.

एवढं सगळं जुळलं तर फाईलसाठी जास्त पैसे द्यायला हरकत नाही. विक्रीच्या कागदावर ‘आहे त्या स्थितीत’ हे वाक्य असेल, तर त्याच कागदावर मीटरचं रीडिंग, शेवटच्या सर्व्हिसची तारीख आणि बेल्ट किती किलोमीटरला बदलला हे लिहून सही घ्यावी. जाहिरातीचा स्क्रीनशॉट व्यवहाराआधीच काढून ठेवावा, नंतर जाहिरात काढून टाकतात. गाडी परत करायची मुदत दिली असेल तर त्या मुदतीतच ऑइल आणि फिल्टर बदलून घ्यावेत आणि जुना फिल्टर फेकू देऊ नये. मेकॅनिककडून तो कापून कागदाच्या घड्या उलगडून बघाव्यात. चुंबकाला चिकटणारा चुरा म्हणजे लोखंड किंवा पोलाद झिजतंय. न चिकटणारे चकचकीत कण बहुधा बेअरिंगचे असतात.