‘१,८९९ रुपयांत वर्षभर सगळे ओटीटी’ : या पॅकपायी माझे ५१,३५२ रुपये गेले

आधी आकडे सांगते. पॅकचे १,८९९. ‘अ‍ॅक्टिव्हेशन’चे ५. मग एका रात्रीत डेबिट कार्डावरून १९,९९९, पुन्हा १९,९९९ आणि शेवटी ९,४५०. एकूण ५१,३५२ रुपये. लेकीच्या हॉस्टेलचा दुसरा हप्ता त्याच खात्यात ठेवलेला होता.

हे लिहायची लाज वाटते, कारण मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. काउंटरवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ‘ओटीपी कुणाला सांगू नका हं’ असं मीच बजावते. आणि मी बँकेचा ओटीपी कुणाला सांगितलेलाही नाही. एकदाही नाही. कुणाचा फोन आला नाही, कुणी बँकेचा साहेब बनून बोललं नाही, कुठली लॉटरी लागली नाही. म्हणून हे वाचा. ‘आम्ही नाही बाई असल्या फोनला फसत’ म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच वाचा.

असल्या पॅकच्या नादी लागलातच कशाला, हे मला सगळ्यांनी विचारून झालंय. लागले, कारण घरात टीव्ही बघणं हाच एक हिशेब होऊन बसला होता. सासूबाईंच्या मालिका झी मराठीवरच्या, म्हणजे झी५. दुपारच्या स्टार प्रवाहवरच्या, म्हणजे हॉटस्टार. सोनी मराठीवरचं काही हवं तर सोनी लिव्ह. ह्यांना क्रिकेट. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती, त्याच वर्षीचा वर्ल्ड कप हॉटस्टारवर मोबाईलपुरता फुकट. तेव्हा सवय लावली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही अ‍ॅप एकत्र झाल्यावर पैसे लागायला लागले. लेक पुण्याला हॉस्टेलवर. नेटफ्लिक्सनं जुलै २०२३ पासून एका घराबाहेर अकाउंट वापरण्यावर बंदी आणली, म्हणजे आईच्या घरातली मुलगी त्यांच्या लेखी बाहेरची. ती आवडीनं बघायची त्या एचबीओच्या मालिका मार्च २०२३ अखेर हॉटस्टारवरून गेल्या आणि जिओसिनेमावर उगवल्या. प्राइमचे वर्षाचे १,४९९ भरलेले असतानाही १७ जून २०२५ पासून मध्ये जाहिराती, आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९.

कागदावर मांडून बघितलं होतं मी. नेटफ्लिक्सचा महिना ४९९ प्रमाणे वर्षाचे ५,९८८, प्राइम १,४९९, जिओहॉटस्टारचा वर्षाचा प्रीमियम तेव्हा १,४९९. तिघांचेच ८,९८६. झी५ आणि सोनी लिव्ह त्यात धरलेलेच नाहीत, इंटरनेटचं बिल वेगळं.

त्यात एका अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन बंद केलंय असं समजून बसलो होतो, तर वर्ष संपल्यावर ९९९ रुपये परस्पर गेले. बंद करायचं बटण चार पडद्यांच्या आत. सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांना भुलवणाऱ्या १३ प्रकारांची यादी काढून त्यांना मनाई केली, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा नाव घेऊन दिलाय. पण ते ९९९ काही परत आले नाहीत. म्हणून पुढं पॅक विकणाऱ्या माणसानं ‘ताई, ऑटो-रिन्यूअल नाही, एकदाच पैसे, नंतर कटकट नाही’ असं लिहिलं तेव्हा मला ते बरोबर वाटलं. अशा छळातूनच या चोरांना गिऱ्हाईक मिळतं, हे मला ठासून सांगायचंय.

गेल्या गणपतीच्या आधी आमच्या भिशीच्या गटावर जाहिरात आली. सगळ्या अ‍ॅपची चिन्हं एका चित्रात, वर ‘१ वर्ष, टीव्ही + मोबाईल, ₹१,८९९’. पाठवणारी बाई ओळखीची, तिच्या घरी ते महिनाभर चालू होतं. तिचा यात काही दोष नाही, तिलाही खरंच वाटत होतं. आणि असले एकत्र पॅक खरेही असतातच ना? टाटा प्ले बिंज आहे. जिओ आणि एअरटेलच्या इंटरनेट प्लॅनबरोबर अ‍ॅप येतात. मग कुणी स्वस्तात विकत असेल तर त्यात संशय घ्यायचा कशावरून?

पैसे पाठवताना यूपीआयवर कंपनीचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. ते मी वाचलं होतं. पण आमच्या केबलवाल्याचा क्यूआर त्याच्या बायकोच्या नावावर आहे, दूधवाल्याचा मुलाच्या. गावात असंच चालतं. तरी आता सांगते, वर्षभराच्या सेवेचे पैसे मागणाऱ्याचं नाव माणसाचं दिसलं आणि जीएसटीचं बिल मिळत नसेल, तर तिथंच थांबा.

पॅक विकणाऱ्यानं यूजरनेम-पासवर्ड दिला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये बसवायचं अ‍ॅप, पाठवली. ‘सगळे अ‍ॅप या एकाच अ‍ॅपमध्ये उघडतील.’ फोननं अज्ञात ठिकाणचं अ‍ॅप आहे म्हणून इशारा दिला. ‘प्ले स्टोअरवर ठेवलं तर गूगल कमिशन घेतं ताई, म्हणून तर एवढं स्वस्त पडतं.’ हेही पटलं.

आणि मग तो क्षण, जो आजही रात्री डोळ्यांसमोर येतो. अ‍ॅप उघडल्यावर त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली. माझा अंगठा थांबला होता. सिनेमा दाखवणाऱ्या अ‍ॅपला माझे मेसेज कशाला हवेत? मी त्याला तसंच विचारलं, माझा तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. उत्तर लगेच आलं : ‘लॉगिनचा ओटीपी आपोआप भरला जातो. नाहीतर घरच्यांना दर वेळी तुम्हाला फोन करावा लागेल.’

त्याला काय माहीत होतं आमच्या घरचं? काहीच नाही. पण असंख्य घरांत हेच चालतं हे त्याला पक्कं ठाऊक असणार. टीव्हीवरचं लॉगिन गेलं की ओटीपी माझ्या नंबरवर येतो. मी ऑफिसात, समोर ठेवीदार बसलेला, आणि सासूबाईंचा फोन : ‘अगं, तो आकडा सांग ना, मालिका सुरू झाली.’ बँकेची, गॅसची, रेल्वेची अ‍ॅपसुद्धा ओटीपी आपोआप उचलतात. मग हेच तेवढं वेगळं का वाटावं? मी परवानगी दिली. त्या एका बोटानं पुढचं सगळं झालं. सिनेमाचं, गाण्याचं, फोटोचं, कुठलंही अ‍ॅप मेसेज वाचू द्या म्हणालं तर नाही म्हणा. कारण कितीही गोड दिलं तरी नाही.

नंतर पाच रुपयांचं अ‍ॅक्टिव्हेशन. ते यूपीआयनं होत नव्हतं, ‘कार्ड व्हेरिफिकेशन’ म्हणून नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरायचे. पान हुबेहूब बँकेच्या पानासारखं. पाच रुपये गेले, अ‍ॅप सुरू झालं. आणि चाललंही! गणपतीत पाहुणे होते, सगळ्यांनी सिनेमे बघितले. चालत होतं म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

कार्डाचे आकडे त्यांच्याकडे, ओटीपी माझ्या फोनमधून परस्पर त्यांच्याकडे. त्यांना आणखी काय लागतं? पगार जमा झाल्यावर एका रात्री दोनच्या सुमाराला तिन्ही व्यवहार झाले. सकाळी पाणी तापवायला उठले तेव्हा मेसेज बघितले. हात-पाय गार पडले.

आता यंत्रणेचं ऐका, कारण चोरापेक्षा तिनं मला जास्त रडवलं.

सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर १९३० लावला. जाहिरातीत सांगतात पहिला तास मोलाचा. लाइन व्यस्त, मग लागली आणि कटली. शेवटी सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर स्वतः तक्रार भरली, पोचक्रमांक मिळाला. तुम्हीही फोनची वाट बघत बसू नका, एका हातानं नंबर लावत राहा आणि दुसऱ्या फोनवरून पोर्टल भरा. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आधी कागदावर लिहून घ्या, तिथं प्रत्येक व्यवहाराचं वेगळं विचारतात.

बँकेच्या कस्टमर केअरनं आधी कर्जाची जाहिरात ऐकवली. हो, कार्ड ब्लॉक करायच्या आधी. मग कार्ड बंद केलं आणि मला सांगितलं, ‘मॅडम, ते अ‍ॅप ताबडतोब काढून टाका.’ मी काढलं. दुपारी पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न : ‘अ‍ॅप कुठंय? काढून टाकलंत? मग आम्ही तपासायचं काय?’ एक म्हणतो काढ, दुसरा म्हणतो का काढलंस! म्हणून नीट ऐका. आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून कार्ड ब्लॉक करा, अ‍ॅपचे, परवानग्यांचे आणि चॅटचे फोटो काढा. फोन रिसेट करायची घाई नको.

ठाण्यातून जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे पाठवलं. सायबरनं विचारलं, रक्कम किती? एक्कावन्न हजार म्हटल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रसच गेला. ‘इथं पन्नास पन्नास लाखांच्या केसेस पडल्यात ताई. अर्ज ठेवून जा.’ माझे एक्कावन्न हजार म्हणजे माझ्या कितीतरी महिन्यांची बचत, त्याचं काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि आयटी कायद्याचं ६६ड ही दोन्ही मीच लिहून नेली होती. गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हेही सांगितलं. अर्जावर शिक्का मारून मिळाला. एफआयआर नाही.

शाखेत तर ऐकवलं गेलं, ‘ओटीपी बरोबर टाकला गेलाय, म्हणजे व्यवहार तुमचाच.’ रात्री दोन वाजता मी झोपेत कुठं काय विकत घेतलं? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं. ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तक्रार दिल्यापासून १० कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत निकाल लावायचा, हेही लिहिलंय. साहेबांनी ते परिपत्रक वाचलेलं नव्हतं. ‘वरून सूचना आली की बघू’ म्हणाले. काही आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं : ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे दावा अमान्य. कुठला निष्काळजीपणा, कशावरून, एक शब्द नाही. मी त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार केली. बँकेनं नाकारलं, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, की थेट तिथं जाता येतं. बँकेत तोंडी बोलू नका, लेखी द्या आणि पोच घ्या, नाहीतर ते दिवस मोजलेच जात नाहीत.

एवढ्यात एकच गोष्ट घडली. शेवटचे ९,४५० दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात गोठवले गेल्याचं कळलं. मला वाटलं, निदान तेवढे तरी येतील. तर म्हणे कोर्टाचा आदेश आणा. वकील ३,००० मागतो. माझेच पैसे, कुठं आहेत ते सगळ्यांना माहीत, आणि ते सोडवायला माझ्याच खिशातून तीन हजार.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद-चालू करायची आणि मर्यादा ठरवायची सोय असते. रिझर्व्ह बँकेनं २०२० पासून ती सक्तीची केलीय. माझ्या कार्डावर मर्यादा एक लाख होती, बँकेनं आपणहून ठेवलेली. ती दोन हजारांवर आणली असती तर वीस हजारांचा पहिलाच व्यवहार अडला असता. पतसंस्थेत काम करूनही मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आता काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला मी फोन काढायला लावून ती मर्यादा खाली आणून देते.

आता घरात एका वेळी एकच सबस्क्रिप्शन, महिन्याचं, ऑटोपे बंद ठेवून. सासूबाई मालिका केबलवर बघतात. ह्यांनी कुरकुर केली, करू दे.

भिशीतल्या दोन घरांत ते अ‍ॅप अजून फोनमध्ये आहे, ‘आमचे तर काही गेले नाहीत’ म्हणून. माझेही पगाराच्या तारखेपर्यंत गेले नव्हते. ज्यांनी तिथं कार्डाचे आकडे भरलेत, त्यांनी हे वाचून झाल्यावर पहिला फोन बँकेला करावा आणि ते कार्ड बदलून घ्यावं. बदललेलं कार्ड हातात येईपर्यंत जुनं बंद ठेवावं.