फ्लॉरेन्समध्ये एकच सकाळ असेल तर: अकादेमिया की बार्जेल्लो?

पुण्याहून युरोपच्या टूरवर निघालेल्यांच्या वाट्याला फ्लॉरेन्समध्ये बहुधा अर्धाच दिवस येतो आणि बहुतेकांची पावलं अकादेमिया या संग्रहालयाकडे वळतात. तिथे मायकेलअँजेलोचा डेव्हिड आहे, म्हणजे बायबलमधल्या गोलिअथ या धिप्पाड योद्ध्याला गोफणीने लोळवणाऱ्या मुलाचा पुतळा. १५०१ ते १५०४ या काळात एकाच संगमरवरी शिळेतून घडवलेला, पाच मीटरहून उंच. उजव्या हातावरच्या फुगलेल्या शिरा आणि कपाळावरची आठी प्रत्यक्षातच पाहावी. गोफण खांद्यावर आहे, लढाई अजून व्हायची आहे. पण मला जास्त खिळवून ठेवतात ते त्याच्याकडे जाताना लागणारे मायकेलअँजेलोचेच अपुरे पुतळे, ‘कैदी’. अंग अर्धं दगडातच अडकलेलं, छिन्नीचे घाव जसेच्या तसे. जंगली महाराज रस्त्यावरचं अपूर्ण राहिलेलं पाताळेश्वर लेणं ज्यांनी मन लावून पाहिलंय, त्यांना हे घाव लगेच ओळखीचे वाटतील.

बार्जेल्लो हे शिल्पांचं संग्रहालय. त्याच्या इमारतीत एकेकाळी तुरुंग होता. गर्दी खूपच कमी. इथल्या शिल्पकार दोनातेल्लोच्या ब्राँझच्या डेव्हिडची लढाई संपलेली आहे. गोलिअथच्या मुंडक्यावर पाय ठेवून कोवळा पोरगा उभा. व्हेरोक्किओ या शिल्पकाराचा डेव्हिडही इथेच. शिवाय फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या दारांसाठी १४०१ मध्ये झालेल्या स्पर्धेसाठी गिबर्टी आणि ब्रुनेलेस्की या कलावंतांनी एकाच कथेवर केलेले ब्राँझचे फलक.

शिल्पाभोवती सावकाश फिरायचं असेल तर मी बार्जेल्लोच सांगेन. पुन्हा इटलीला येणं होणार नसेल, तर मात्र अकादेमियातला डेव्हिड चुकवू नका. तिकीट पुण्यातूनच ऑनलाइन काढून ठेवा. सोमवारी अकादेमिया बंद असते.