"उद्यापासनं नाही आलास तरी चालतंय"

बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी 2024 च्या जूनमध्ये लागलो. पगार 18,000, सहा महिने प्रोबेशन, खानापूरहून रोज बसनं ये-जा. लागतानाच त्यांनी डिप्लोम्याचं ओरिजिनल सर्टिफिकेट 'व्हेरिफिकेशन'साठी ठेवून घेतलं. मी दिलं. पहिली चूक तिथंच झाली.

सप्टेंबरअखेर मच्छेत दुसरीकडं काम जमलं. नेमणूक पत्र काढून बघितलं, तर प्रोबेशनमध्ये नोटीस 15 दिवसांची. 3 ऑक्टोबरला राजीनामा लिहून एचआरच्या साहेबांकडं गेलो आणि 18 तारखेपर्यंत येतो म्हणालो. साहेब एकदम गोड. "कशाला पंधरा दिवस घालवतोस? उद्यापासनं नाही आलास तरी चालतंय. दहा तारखेला येऊन हिशेब घेऊन जा." कागद ठेवून घेतला, पोच दिली नाही. मीही मागितली नाही. एवढं गोड बोलणाऱ्याकडं सही कुठं मागायची, असं वाटलं.

दहाला गेलो. सप्टेंबरचे 18,000 आणि ऑक्टोबरच्या तीन दिवसांचे 1,800. त्यातून नोटीस न भरल्याबद्दल 9,000 वजा, ट्रेनिंगचा खर्च म्हणून 10,000 वजा. हातात 800 रुपये! ट्रेनिंग म्हणजे काय, तर पहिला आठवडा एका जुन्या ऑपरेटरमामांच्या शेजारी उभं राहायचं आणि त्यांचा चहा आणायचा.

"साहेब, तुम्हीच येऊ नको म्हणालात की."

"मी? कधी?"

हजेरीत 4 तारखेपासून मी गैरहजर. समोर टेबलावर माझं सर्टिफिकेट आणि त्याच्यावर एक कन्नड कागद. सही कर, सर्टिफिकेट घे. मला कन्नड बोलता येतं, पण वाचायचं म्हणजे एकेक अक्षर लावत बसायचं. कागदाचा फोटो तेवढा काढला आणि सही केली. संध्याकाळी मित्राच्या बहिणीनं, ती कन्नड शाळेतली, वाचून दाखवलं : पूर्ण हिशेब मिळाला, कंपनीकडून माझं काहीही येणं नाही.

घरी सगळ्यांचं एकच, प्रोबेशनवाल्याला कसला हक्क. आमच्याकडं हे इतकं पक्कं बसलंय की कंपन्यांना खोटं बोलायचीही गरज पडत नाही. खरं तर प्रोबेशन असो की परमनंट, केलेल्या दिवसांचा पगार आपलाच. तेव्हा 1936 चा पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट होता आणि महिना 24,000 पर्यंतच्या पगाराला तो लागायचा. हजारपेक्षा कमी कामगार असतील तर पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला पाहिजे, म्हणजे मला दहाला बोलावणं हेच चुकीचं. पगारातून काय कापता येतं त्याची यादी कायद्यातच आहे. ट्रेनिंगचा खर्च त्यात नाही. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी वेतन संहिता आलीय. तिच्यात राजीनामा दिला की कामाच्या दोन दिवसांत पैसे द्यायचे आहेत, आणि दाव्याची मुदत पूर्वी 12 महिने होती ती 3 वर्षं झालीय.

मित्राच्या बहिणीनंच कन्नडमध्ये अर्ज लिहून दिला आणि मी तो बेळगावच्या कामगार खात्याच्या ऑफिसात दिला. तिथं मात्र अर्जाची पोच आठवणीनं घेतली. चार-पाच खेपा झाल्या, नव्या कामावरचे तेवढे खाडे पडले. कंपनीनं तो सहीचा कागद पुढं केला. खात्याच्या साहेबांनी तो बाजूला ठेवून विचारलं, ट्रेनिंगचे पैसे कापायचे असं नेमणूक पत्रात कुठं आहे? कुठंच नव्हतं. 10,000 चा चेक मिळाला.

नोटिशीच्या 9,000 चं विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, येऊ नको म्हणाल्याचं काही लेखी आहे? एखादा मेसेज, मेल? मी मोबाईल काढला आणि तिथंच उभा राहून 3 ऑक्टोबरचं व्हॉट्सॲप वर-खाली करत बसलो. त्या दिवशी एचआरला मी एकच मेसेज टाकला होता : "थँक यू सर".