जळगावहून दोन दिवसांची गाडी: पाटणादेवी, हुकलेले पितळखोरे आणि उनपदेव

गेल्या डिसेंबरात जळगावच्या एका खासगी सहल-सेवेकडून आम्ही चालकासह दोन दिवसांची गाडी घेतली. पहिल्या दिवशी पाटणादेवी आणि पितळखोरे लेणी, रात्री चाळीसगावी मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी वाघळी, दुपारी उनपदेवाचा उष्ण झरा आणि संध्याकाळी सातपर्यंत जळगाव, असा कार्यक्रम त्यांनीच आखून छापील कागदावर दिला होता. गाडीचे 9,500 रुपये ठरले होते. मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च आमचा होता. आम्ही चौघे होतो आणि सहलीचे खरे निमित्त आईचे गुडघे हे होते, लेण्यांचा सोस माझा.

सकाळी सहाची गाडी साडेसातला आली. चालकाला आदल्या रात्री उशिरा दुसरीकडून परतावे लागले होते, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. कार्यालयाने मात्र फोनवर ‘पाच मिनिटांत पोहोचेल’ हे एकच उत्तर चार वेळा दिले. गाडी स्वच्छ होती, आसने चांगली होती आणि चालक सांभाळून गाडी हाकणारा होता, हे आधीच नोंदवतो, कारण पुढची तक्रार त्याच्याविषयी नाही.

खरी चूक कागदावरच होती. ‘पाटणादेवीहून गाडीने पितळखोरे’ असे त्यात लिहिले होते. नकाशावर ही दोन ठिकाणे बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर दिसतात हे खरे, पण पाटणादेवी डोंगराच्या पायथ्याशी चाळीसगावच्या अंगाला आहे आणि लेणी गौताळ्याच्या अभयारण्यात वरच्या अंगाला, कन्नड तालुक्यात, म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर खानदेशाबाहेर आहेत. लेण्यांपर्यंतचा गाडीरस्ता घाट चढून कन्नडच्या बाजूने येतो. पाटणादेवीकडून आहे ती जंगलातली पायवाट. वनखात्याच्या नाक्यावर हे कळले तेव्हा अकरा वाजून गेले होते. आईला घेऊन ती वाट चढणे शक्य नव्हते आणि गाडी परत फिरवून घाटाने वर जायचे, तर लेण्यांच्या पायऱ्या उतरून चढण्याइतका दिवस उरणार नव्हता. ज्या लेण्यांतील यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कन्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे (मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे), ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली लेणी अशी केवळ एका वाक्याच्या चुकीने हुकली. कार्यालयाला फोन केला, तर ‘साहेब, मग जवळपास दुसरे काही बघून घ्या’ असा सल्ला मिळाला.

आणि तसे बघण्यासारखे तिथे पुष्कळ होते, हे मान्य करायला हवे, जरी त्याचे श्रेय कार्यालयाला देता येणार नाही. त्यांच्या कागदावर पाटण्यासाठी, म्हणजे पाटणादेवीच्या या गावासाठी, ‘देवीदर्शन, 45 मिनिटे’ एवढीच नोंद होती. प्रत्यक्षात चंडिकेचे हेमाडपंती देऊळ, थोड्या अंतरावरचे महादेवाचे देऊळ, त्यामागे उभा असलेला कण्हेरगड आणि त्याच्या अंगावरची नागार्जुन कोठडी, सीतान्हाणी व शृंगार चावडी ही लेणी, एवढा ऐवज या एका खोऱ्यात आहे. आई देवळाच्या ओट्यावर पत्नीजवळ बसली आणि मी व मुलगा महादेवाच्या देवळापाशी दोन तास रेंगाळलो. चुना न वापरता एकमेकांत बसवलेले दगड आणि बाहेरच्या भिंतीचे एकामागून एक बाहेर आलेले कोन उन्हाच्या बदलत्या तिरपेपणात पाहण्याजोगे आहेत. पाऊण तासात ते दिसत नाहीत.

या ठिकाणाचे मोठेपण ज्या शिलालेखात आहे, त्याचा उल्लेख कागदावर नव्हताच. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या शके 1128 च्या त्या लेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापल्याचे आणि इथल्या निकुंभ घराण्यातील राजांनी त्याला दान दिल्याचे नोंदवले आहे. लेख संस्कृतात सुरू होतो, पण बाजारातल्या मालावरचे कोणते उत्पन्न मठाला द्यायचे हा व्यवहार आला की तो जुन्या मराठीत उतरतो. पैशाचे बोलणे सर्वांना कळेल अशा भाषेत करावे, हे आठशे वर्षांपूर्वीच्या पाटणकरांना समजत होते. आमच्या सहल-सेवेच्या पावतीवर मात्र ‘इतर शुल्क’ एवढेच छापलेले होते.

चाळीसगावचा मुक्काम ठीक होता. दुसऱ्या दिवशी वाघळीचे जुने देऊळ पाहिले. यादवांचा मांडलिक असलेल्या मौर्य कुळातील गोविंदराजाचा शके 991 चा लेख याच गावचा. पण थांबायला अर्धा तासच मिळाला, कारण उनपदेव गाठायचे होते.

भडगाव, एरंडोल करत धरणगावच्या अलीकडे आलो आणि गाडीचा पट्टा तुटला. कार्यालयाने दुसरी गाडी ‘निघाली आहे’ असे साडेबाराला कळवले, दीडला कळवले, अडीचलाही कळवले. ती गाडी आजतागायत आलेली नाही. अखेर चालक ‘आते काय करानं, भाऊ?’ म्हणत एका दुचाकीवर मागे बसून धरणगावात गेला, मिस्तरीला घेऊन आला आणि पट्ट्याचे पैसेही त्यानेच भरले. तोवर आई शेजारच्या मळ्यात खाटेवर बसून होती आणि मळेकरणीने ‘माय, जेवल्याशिवाय जाऊ नका’ म्हणत कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत पुढे ठेवले. संपूर्ण सहलीतले उत्तम जेवण ते, आणि त्याचे पैसे घ्यायला ती बाई तयार झाली नाही.

तापी ओलांडून चोपडा, तिथून अडावद आणि मग उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव, असे करत पोहोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. इथे गोमुखातून गरम पाण्याची धार अखंड कुंडात पडते. शरभंग ऋषींचा त्वचारोग बरा व्हावा म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा आहे. भूशास्त्र सांगते ते वेगळे, पण तेही जमिनीत खोल जाण्याचेच: जवळपास ज्वालामुखी नाही आणि दख्खनचा लाव्हा निवून साडेसहा कोटी वर्षे झाली, पावसाचे पाणी तापी आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील भेगांमधून खाली उतरते, दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी वाढणाऱ्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. ‘ऊन पाणी’ म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नावातच ते आहे.

दुपारी दोनला तिथे पोहोचलो असतो, तर बहुधा गर्दी पाहून पाय बुडवून निघालो असतो. डिसेंबरच्या त्या गार अंधारात मात्र कुंडावरून वाफ उठत होती आणि आई गुडघ्यापर्यंत पाय सोडून तासभर हलली नाही. गुडघे बरे झाले असे ती म्हणत नाही. त्या रात्री गोळी लागली नाही, एवढे म्हणते. जाणाऱ्यांनी कोरडे कपडे आणि विजेरी न विसरता बरोबर न्यावी.

जळगावला पावणेअकरा वाजले. हिशेबात कार्यालयाने ‘जादा वेळेचे’ 800 रुपये लावले होते. वाद घातल्यावर ते वगळले आणि पितळखोरे हुकल्याबद्दल पुढच्या सहलीत सवलत देऊ केली. ती आम्ही घेणार नाही. चालकाच्या हातात पट्ट्याचे पैसे आणि वर थोडे आम्ही स्वतः ठेवले. सेवेला पाचपैकी दोन गुण देतो आणि ते दोन्ही गाडीचे व चालकाचे आहेत. त्याने आपला क्रमांक दिला आहे. फेब्रुवारीत पितळखोऱ्याला त्यालाच घेऊन जायचे ठरले आहे, पहाटे निघून, कन्नडच्या बाजूने.