जिप्सीसोबत १४ महिने: लिफ्ट काढून टाकली, कॉम्प्रेसर बदलला

ताम्हिणीच्या अलीकडे, अंधार पडायला अर्धा तास उरलेला, माझ्या मारुती जिप्सीच्या मागच्या टायरांत कच्च्या वाटेसाठी मुद्दाम उतरवलेली हवा, एकात २० पीएसआय, दुसऱ्यात १६, आणि हातातला हवा भरायचा कॉम्प्रेसर बंद. पुढची दोन चाकं भरून झाली होती. तिसरं २० वर आलं आणि लायटर सॉकेटचा फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. तिसऱ्या वेळी जळका वास आला आणि लेक म्हणाली, "आई, आता हात नको लावूस." घर ६० किलोमीटर. इतक्या कमी हवेवर डांबरी रस्त्यावर वेगात गेलं तर टायरची बाजू तापून फाटते. आमच्याबरोबरच्या सासवडच्या मित्राकडे पायाने मारायचा दणकट पंप होता, म्हणून नऊ वाजेपर्यंत निघालो. त्या रात्रीच ठरवलं की या गाडीवर केलेल्या खर्चाचा सगळा अनुभव एकदा लिहून काढायचा.

गाडी २००७ ची, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन), सॉफ्ट टॉप. पासिंग २०२२ मध्ये आधीच्या मालकाने पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेलं. इंजिन, गिअर, फोर-लो (चारही चाकांना सावकाश पण जास्त जोर देणारा गिअर) याबद्दल लिहीत नाही. जिप्सी शोधणाऱ्याला ते पाठ असतं. १४ महिन्यांत साधारण ९,००० किलोमीटर झाले. इंजिनाने एकदाही अडवलं नाही. साधारण टनभर वजनाची गाडी चिखलात जड गाड्यांच्या मानाने किती वर राहते, हे दर पावसाळ्यात नव्याने पटतं. माझी तक्रार गाडीबद्दल नाहीच, गाडीवर मी जे चढवलं त्याबद्दल आहे.

पहिल्या दोन महिन्यांत मी ८६,५०० रुपये घातले: लांब शॅकलची लिफ्ट (कमानपाटे चॅसिसला जोडणाऱ्या पट्ट्या लांब घालून गाडी उचलणं) १८,०००, २३५/७५ आर१५ चे पाच मड टायर ४७,५००, ट्यूबलेस चालणाऱ्या रिमा १५,००० आणि दिवे ६,०००. कॉम्प्रेसर वेगळा, ३,२०० चा. ज्या दुकानात काम केलं तिथे सांगितलं होतं, "मॅडम, आधी उंची, मग बाकी सगळं." मी ऐकलं. आज कोणी विचारलं तर नेमकं उलट सांगेन.

लांब शॅकलचं गणित साधं आहे. शॅकल दोन इंचांनी वाढवली तर कमानपाट्याचं एकच टोक खाली सरकतं, म्हणून गाडी प्रत्यक्षात इंचभरच उचलली जाते. शिवाय जिप्सीच्या पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला असते. ते टोक खाली गेलं की अख्खा ॲक्सल पुढे कलतो आणि कॅस्टरचा कोन कमी होतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते या कोनामुळे. माझं येईना. कात्रजच्या नव्या बोगद्यातून ७० ने जाताना गाडी सारखी डावी-उजवी शोधत असायची आणि घरी पोचल्यावर मनगटं दुखायची. दुकानाने तीनदा अलाइनमेंट केली आणि तीनदा पैसे घेतले. पुढचा ॲक्सल अखंड असल्यामुळे अलाइनमेंटच्या मशीनवर कॅस्टर बदलताच येत नाही, हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

टायरांचंही तेच. आधी गाडीवर २०५/७० होते, व्यास ६६८ मिलिमीटर. २३५/७५ चा ७३३. म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते, आणि ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला प्रत्येक गिअर दहा टक्के जड होतो. खंबाटकीत चौथा सोडून तिसऱ्यावर यावं लागायचं. एवढं करून डिफरन्शियलखाली (ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखाली) जागा वाढली ती ३३ मिलिमीटर, दोन बोटं. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर पाट्याला घासायचा तो वेगळाच.

आठव्या महिन्यात सगळं उतरवलं. मूळ शॅकल दुकानाने पोत्यात घालून दिल्या होत्या, त्या परत बसवल्या. मड टायर निम्म्या किमतीत गेले. २१५/७५ चे ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे) घेतले. काट्यातला फरक पाच टक्क्यांवर आला आणि गाडी पुन्हा सरळ चालायला लागली. कायद्याचं ओझंही बरंच उतरलं. मोटार वाहन कायद्याच्या १८२अ कलमात बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. बंपरपुढच्या लोखंडी बुलबारविरुद्ध केंद्राचं पत्र २०१७ चं आहे. विम्याचा दावा करताना सर्वेअर आधी हेच बघतो. दुकानदार यातलं काही सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

आता हवेकडे येते.

या १४ महिन्यांत गाडीची क्षमता सर्वांत जास्त वाढवणारी गोष्ट फुकट आहे: टायरमधली हवा काढणं. २८ वरून १६-१८ वर आणली की टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो. दगडावरून घसरण्याऐवजी रबर दगडाला कवेत घेतं. मुळशीकडच्या एका मुरमाड चढावर मी लिफ्ट आणि मड टायर लावून २८ च्या हवेवर चार वेळा खाली घसरले होते. तोच चढ साध्या शॅकलवर, ऑल-टेरेनवर, १७ च्या हवेने पहिल्या झटक्यात फोर-लोच्या दुसऱ्या गिअरमध्ये चढले. ८६,५०० रुपयांना जमलं नाही ते ३५० रुपयांच्या प्रेशर गेजने केलं. दोन पथ्यं मात्र पाळा. टायर ट्यूबचे असतील तर हवा इतकी उतरवू नका; टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. रिमांवरचे १५,००० मला म्हणूनच वाया गेले असं वाटत नाही. आणि कमी हवेवर ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नका, झटक्यात वळवू नका, टायर रिममधून निघतो.

काढलेली हवा परत भरावी लागते, आणि इथेच तो ३,२०० चा कॉम्प्रेसर येतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'वायर ३ मीटर'. जिप्सी चार मीटरची. सॉकेट डॅशबोर्डवर. तिथून दारातून खाली जमिनीपर्यंत वायर उतरवण्यातच सव्वा मीटर जाते. उरलेली मागच्या चाकाच्या अलीकडे संपते, आणि हवेची नळी जेमतेम दोन फूट. म्हणजे मागचं चाक भरताना हे तापलेलं यंत्र एका हाताने अधांतरी धरायचं, दार उघडं ठेवायचं, आणि पाऊस असेल तर सीट भिजू द्यायची. कॉम्प्रेसर बनवणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी गाडीचं मागचं चाक भरून बघितलं असतं तर अजून दीड मीटर वायर दिली असती. त्या वायरीची किंमत किती? नाना पेठेत मी विचारली: मीटरला ४० रुपये. साठ रुपये वाचवण्यासाठी गिऱ्हाइकाला दर रविवारी अर्धा तास असं उभं करायचं, याचा मला आजही संताप येतो. घेताना दाब, लिटर, वॉट यांच्याआधी वायर आणि नळी मोजा. दुकानात टेप नेऊन मोजा.

ताम्हिणीनंतर कॉम्प्रेसर वॉरंटीत पाठवला. पाच आठवडे फोनाफोनी. उत्तर एकच: "सलग १५ मिनिटांपेक्षा जास्त वापरलाय." मी प्रत्येक चाकाची वेळ वहीत लिहिते, साडेसहा मिनिटं भरायचे आणि दहा मिनिटं थांबायचे. वहीचे फोटो पाठवले. शेवटी निम्मे पैसे परत आले. तोवर ओळखीतल्या सहा जणांना मी ते यंत्र घेऊ नका म्हणून सांगितलं होतं.

मग एक दिवस आमच्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, आणि कॉम्प्रेसर चालू असताना सॉकेटवर १०.४. इतक्या वर्षांची बारीक वायर आणि गंजलेलं अर्थिंग. कमी व्होल्टवर मोटर रेंगाळते, टायरमधल्या दाबाविरुद्ध अडते, अडली की जास्त करंट ओढते आणि फ्यूज जातो. तेव्हा निम्मा दोष माझ्या गाडीच्या वायरिंगचा होता. त्या सहाही जणांना परत फोन करून हे सांगितलं. वायर आखूड आहे हे मात्र सांगितलंच. ते मत बदललेलं नाही.

नवा कॉम्प्रेसर ७,४०० चा. ड्रायव्हर सीटखाली पक्का बसवलाय. थेट बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीजवळच ४० अँपिअरचा फ्यूज, मधे रिले. नळी पाच मीटरची, गुंडाळीची, चारही चाकांना पोचते. १६ वरून २८ ला एका चाकाला तीन मिनिटंही लागत नाहीत. व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचं तोंड काढताना एखादा पीएसआय निसटतो, म्हणून २९ पर्यंत भरते. सहा महिन्यांत एकही फ्यूज गेलेला नाही. हात मोकळा ठेवून गाडीशेजारी चहा पीत हवा भरता येते याचा आनंद मला चढ चढण्याइतकाच होतो.

सोबत्यांबद्दल. पहिल्या पावसाळ्यात मी एका मोठ्या ग्रुपबरोबर गेले, बावीस गाड्या. मावळातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, सोनकी आणि तेरडा नुकता फुलायला लागला होता. तिथे गाड्या गोल गोल फिरवल्या, व्हिडिओसाठी. कातळावर मातीचा थर जेमतेम चार बोटं असतो. चाकाने तो एकदा खरवडला की पुढच्या पावसात वाहून जातो आणि तिथे फूल येत नाही. खाली भाताच्या खाचराचा बांध फुटला, तिथल्या आजोबांनी हात जोडले, तरी दोन गाड्या पुढे गेल्याच. मी जेवणाच्या आधीच परत फिरले. बांध घालायला मुलीला घेऊन दुसऱ्या रविवारी गेले. आजोबांनी चहा दिला, आणि मला मान वर करता येईना.

खरे सोबती भेटले ते नाना पेठेत, किंगपिन बेअरिंगच्या काउंटरवर. शेजारी उभ्या असलेल्या एकाने माझं स्टेअरिंगचं रडगाणं ऐकून विचारलं, "ताई, लांब शॅकल टाकलीय का?" गाडी बघितलीही नव्हती. त्याची सासवडला अंजीर-सीताफळाची बाग आणि एक जुनी एमएम ५४० (महिंद्राची जीप), जिच्यावर एकही शोभेची वस्तू नाही. लिफ्ट काढायचं धैर्य मला त्याच्या त्या एका प्रश्नाने दिलं. त्याच्यामुळे कोथरूडचं एक जोडपं भेटलं, त्यांची मारुती जिम्नी २०२३ ची. बँकेतून निवृत्त झालेले एक काका नवी थार घेऊन येतात आणि सगळ्यांच्या आधी पोचतात. अशा चार गाड्या.

यांच्याबरोबर मी गाडी चालवायला शिकले. एकटी गाडी कधीच आत घालायची नाही. ओढ्यात चाक जाण्याआधी माणूस जातो. सासवडकर काठी घेऊन आडवा चालत जातो, पाणी मांडीला लागलं की परत. दगडांत एकच जण हाताने खुणा करतो, बाकीचे गप्प. गाडी ओढायला नऊ मीटरचा ताणला जाणारा दोर, चॅसिसला बोल्ट केलेला हुक, आणि दोरावर मधोमध जुनं घोंगडं, म्हणजे काही तुटलं तर दोर उडून कोणाच्या अंगावर येत नाही. गाडी ट्रकवर बांधायची रिंग किंवा बंपर धरून कोणी ओढू नये. वाट गावातून जात असेल तर आदल्या आठवड्यात जाऊन विचारायचं. आवणीच्या दिवसांत शेतांकडे फिरकायचंच नाही. सड्यावर आणि किनाऱ्यावर चाक घालायचं नाही. विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, आमच्यापैकी कोणाकडेच नाही. एवढ्या नियमांत तिची गरज अजून पडलेली नाही, आणि तिचे पैसे मी २०२७ च्या पासिंगसाठी बाजूला ठेवलेत. पत्रा, ब्रेक आणि सायलेन्सर तोवर नीट करून घ्यायचेत.

गेल्या रविवारी वेल्ह्याकडून परतताना डांबर लागलं तिथे चारही गाड्या ओळीत लावल्या. जिम्नीवाल्यांचा कॉम्प्रेसर सॉकेटवर चालणारा, काकांचा घरी राहिलेला. मी सीटखालची नळी काढली आणि एकामागून एक सोळा चाकं भरली, मधे दोनदा यंत्र थंड होऊ दिलं. एमएम ५४० चं शेवटचं चाक भरताना सासवडकर पायाचा पंप हातात घेऊन शेजारी उभा होता, लागलाच तर असावा म्हणून. लागला नाही.

पुढच्या फेरीला कोणी येणार असेल तर गाडी मूळ उंचीची असली तरी चालेल. गेज मात्र स्वतःचा आणा. हवा मी भरून देईन.