गंजगोलाईमागचं बाइंडिंग : काम चोख, वेळेचं मात्र सांगू नका

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात, वह्यांच्या ठोक दुकानाला लागून हे बाइंडिंगचं दुकान आहे. पाटी नाही, विचारत जावं लागतं. आजोबांचं ‘गीतारहस्य’ तिथं बांधून घेतलं.

पुठ्ठा सुटला होता, पाठ कसरीनं खाल्ली होती. आधी एका ठिकाणी ‘स्पायरल मारून देतो’ म्हणाले. एवढ्या जाड ग्रंथाला स्पायरल! इथल्या चाचांनी पानं उलटून पहिला प्रश्न केला, “कडा कापायच्या नाहीत ना? समासात लिहिलंय कुणीतरी.” तिथंच मी पुस्तक त्यांच्या हवाली केलं.

लिहिलंय आजोबांनी, पेन्सिलीनं. ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकले, संन्यासी असलेल्या स्वामी रामानंद तीर्थांच्या हाताखाली. अकराव्या प्रकरणात टिळक सांगतात, ज्ञान झालं तरी कर्म सोडायचं नाही, लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाज नीट चालावा म्हणून, मरेपर्यंत करायचं. संन्यासमार्गी टीकाकारांशी त्यांचा सगळा झगडा याच मुद्द्यावर. त्या ओळीशेजारी आजोबांनी एवढंच लिहिलंय : ‘मग स्वामीजी?’

प्रश्न बिनतोड आहे. राजद्रोहाची शिक्षा भोगताना मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात टिळकांनी हे लिहिलं. त्यात इंग्रजांना शिव्या नाहीत, उलट मिल आणि कान्ट तपासलेत. गुलाम देशातल्या माणसाला ‘हात बांधून बसणं म्हणजे अध्यात्म नव्हे’ हे गीतेतून पटवून द्यायचं होतं. आणि आमच्याकडे निजामाविरुद्ध लढा कुणी चालवला, तर भगवी वस्त्रं घेतलेल्या याच संन्याशानं, स्वामीजींनी! तुरुंगातही गेले. माझ्या मते टिळक यावर चिडले नसते. छाटी कुठल्या रंगाची यापेक्षा काम थांबलं का, हे त्यांनी पाहिलं असतं.

मागचं कोरं पान सुटं झालं होतं. त्यावर 1938 ची नोंद : ‘सत्याग्रह थांबवला. योग्यच.’ आर्य समाज आणि हिंदू महासभेच्या आंदोलनात आपला लढा मिसळला जातोय, हेही निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्वामीजींच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसनं माघार घेण्यामागचं एक कारण होतं. धर्माच्या भाषेत देश सांगितला की माणसं पेटतात, पण काहीजण उंबऱ्याबाहेरच राहतात. शाळकरी वयात आजोबांना हे कळत होतं याचं मला नवल वाटतं. चाचांनी ते पान पातळ कागद लावून पुन्हा जागेवर बसवलंय, अक्षर न् अक्षर वाचता येतं.

शिलाई हाताची, खळ घरची, पाठ कापडी. पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. साडेचारशे रुपये घेतले, जास्त वाटले नाहीत.

तक्रारी तीन. पाडव्याला देतो म्हणाले ते अक्षय्य तृतीयेला मिळालं, आणि फोन उचलत नाहीत. पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘गितारहस्य’ उमटलंय. नाव ऱ्हस्व-दीर्घासकट कागदावर लिहून द्या, आणि दुपारी दोन ते चार जाऊ नका, शटर अर्धं खाली असतं.