आयटेन्सर: चेन असेल तर डोळे झाकून घ्या

क्वांटम स्पिनच्या (वर किंवा खाली असणाऱ्या छोट्या चुंबकांच्या) चेन कॉम्प्युटरवर सोडवणाऱ्यांसाठी हा आयटेन्सर या सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू. 30 स्पिन झाले की वेव्हफंक्शन (सगळ्या स्पिनची मिळून क्वांटम अवस्था) नुसतं साठवायलाच 16 जीबी मेमरी जाते, आणि पुढे एकेक स्पिन वाढला की तेवढीच परत डबल. 20-22 स्पिनपर्यंत क्वस्पिन हे पायथॉनचं पॅकेज घेऊन एक्झॅक्ट डायगोनलायझेशन (मॅट्रिक्स थेट सोडवणं) करा, मस्त चालतं, पण त्यापुढचं काम असेल तर आयटेन्सर. त्यात डीएमआरजी आहे, म्हणजे वेव्हफंक्शन छोट्या टेन्सरच्या साखळीत दाबून सगळ्यात कमी एनर्जी शोधायची पद्धत. मी ज्युलियावालं वापरतो, सी प्लस प्लसमध्येही आहे, फुकट आणि ओपन सोर्स.

सगळ्यात भारी काय तर हॅमिल्टोनियन (एनर्जीचं सूत्र) कागदावर जसा लिहितो तसाच ऑपसम नावाच्या यादीत लूप लावून एकेक टर्म टाकत जायचा, एमपीओ (त्याच सूत्राचं टेन्सरच्या साखळीतलं रूप) ते स्वतः बनवतं. हाताने एमपीओच्या मॅट्रिक्स लिहिलेल्या माणसाला विचारा हे काय सुख आहे! 100 स्पिनची ओपन हायझेनबर्ग चेन (शेजारशेजारचे स्पिन जोडलेले, टोकं मोकळी) दिली, बाँड डायमेन्शन (टेन्सरचा आकार, मोठा तितकं अचूक पण महाग) 10 पासून 200 पर्यंत चढवत थोडे स्वीप, म्हणजे चेनवरून इकडून तिकडे फेरे, मारले, साध्या लॅपटॉपवर एनर्जी आली -44.1277. बेथेच्या 1931 च्या पद्धतीने अनंत चेनला दर स्पिनमागे -0.4431 येतं म्हणजे शंभरला -44.31, उरलेला फरक मुख्यतः टोकं मोकळी असल्याचा, त्यामुळे आकडा बरोबर बसतो. बसणारच म्हणा, डीएमआरजी ज्यांनी 1992 मध्ये काढलं ते स्टीव्हन व्हाइट स्वतः याच्या लेखकांत आहेत.

आता नवीन लोकांसाठी एक गोष्ट. क्वांटम नंबर (इथे सगळ्या स्पिनची वर-खाली मिळून बेरीज) कन्झर्व्ह करायचा ऑप्शन लावा, स्पीड खूप वाढतो, पण मग सुरुवातीची स्टेट बघून द्या. सगळे स्पिन वर करून दिलेत तर ते त्याच सेक्टरमध्ये (तेवढीच बेरीज असलेल्या स्टेटच्या गटात) अडकतं आणि तुम्हाला शांतपणे 24.75 देतं, एरर नाही वॉर्निंग नाही, कारण त्या सेक्टरमध्ये दुसरी स्टेटच नाहीये. एक वर एक खाली अशी द्या. आणि तरी एनर्जी एका जागी रुतली तर थोडा नॉइज (मुद्दाम केलेली हलकी ढवळाढवळ) टाका.

2डी मध्ये मात्र जरा दमानं. सिलिंडर (गोल गुंडाळलेली स्पिनची जाळी) रुंद केला की एंटँगलमेंट (स्पिनचं एकमेकांत क्वांटम गुंतणं) परिघाच्या प्रमाणात वाढते, मग बाँड डायमेन्शन एक्स्पोनेन्शियल पळतं आणि लॅपटॉप विसराच. क्वेंचनंतरचा (हॅमिल्टोनियन अचानक बदलल्यानंतरचा) टाइम इव्होल्यूशनही तसाच, एंटँगलमेंट वेळेबरोबर वाढत जाते आणि थोड्या वेळातच हात टेकावे लागतात. हा डोकेदुखीचा भाग मेथडचा आहे, सॉफ्टवेअरला शिव्या देऊन उपयोग नाही.

ज्युलियात पहिला रन कंपाइल होताना रेंगाळतो, त्याची सवय होते. पायथॉन सोडवत नसेल तर टेनपाय हे पायथॉनमधलं असंच पॅकेज बघा. माझ्याकडून चेनसाठी 5 पैकी 5, रुंद सिलिंडरसाठी 3.